मरळीच्या पेशी

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलच्या अखेरीस, आमच्या प्रयोगशाळेला मिळणारा द्रव नत्राचा, म्हणजे लिक्विड नायट्रोजनचा, पुरवठा थांबला. मे महिन्यात तो पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात मरळ माशाच्या पेशींचा मूळ साठा नष्ट झाला. तो साठा मी तयार केला होता. त्यावर एका विद्यार्थिनीचा पीएच.डी.चा प्रबंध अवलंबून होता.

मी विद्यापीठात पेशीजीवशास्त्र शिकवत होते. आता निवृत्त आहे, गारखेड्यात राहते. माझ्या नावावर शोधनिबंधांची एक यादी आहे. त्यातले बहुतेक निबंध परीक्षक आणि छपाईवाले सोडून कुणी पूर्ण वाचले असतील असं वाटत नाही. या व्यवसायात ते नेहमीचं आहे. एक निबंध मात्र पुढं बराच वापरला गेला. त्यात मरळीच्या शेपटीच्या परातून काढलेल्या पेशी बाटलीत कशा वाढवल्या, एवढंच सांगितलं होतं.

हे काम बाहेरच्या माणसाला सांगायला सोपं आहे, करायला वेळ लागतो. माशाच्या परातून नखाएवढा तुकडा घ्यायचा, बारीक चिरायचा, पोषक द्रवात ठेवायचा. काही दिवसांनी तुकड्याच्या कडेनं पेशी बाहेर सरकतात आणि बाटलीच्या तळाला चिकटतात. चिकटलेली पेशी वाढते, दुभंगते. बहुतेक वेळा काही पिढ्यांनंतर वाढ थांबते आणि सगळं मरतं. क्वचित एखाद्या बाटलीतली वाढ थांबतच नाही. तिला पेशींचा वाण म्हणता येतं. तसा वाण हाती लागायला माझी नोकरीतली सुरुवातीची बरीच वर्षं गेली. त्यात हुशारीचा भाग किती आणि चिकाटीचा किती, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मासे नाथसागर जलाशयातून यायचे. पैठणचे एक मासेमार झाकणाच्या बादलीत जिवंत मरळ घालून एसटीनं आणत. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते, त्यामुळं हे जमायचं. एकदा बादलीचं झाकण उडालं आणि मासा सीटखाली गेला. कंडक्टर त्यांना म्हणाला, "काका, त्याचं अर्धं तिकीट काढा, नायतर मांडीवर घ्या." काकांनी तो टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला. त्याच माशापासून हा वाण झाला की त्याच्या पुढच्या खेपेच्या, याबद्दल काका आणि माझ्यात शेवटपर्यंत मतभेद राहिले.

या पेशींचा उपयोग पाणी तपासायला होत असे. नाल्याचं, तळ्याचं, कारखान्याच्या मागच्या ओढ्याचं पाणी गाळून पेशींना द्यायचं आणि किती मरतात ते पाहायचं. यंत्र पाण्यात काय काय आहे ते सांगतं. ते सगळं एकत्र मिळून जिवाला काय करतं, हे पेशी सांगतात. कधी गावकरी यायचे, कधी कारखान्याचे अधिकारी. एक अधिकारी फार सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, पाणी पास झालं एवढंच लिहा, बाकीचं विज्ञान तुमच्याकडे राहू द्या." मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे पास-नापास नसतं. त्यांनी चहा घेतला आणि पाण्याची बाटली परत घेऊन गेले.

पेशी रोज वाढवत ठेवणं परवडत नाही. दर काही दिवसांनी त्यांना नवी बाटली, नवा द्रव लागतो, आणि फार पिढ्या गेल्या की त्यांचे गुण बदलतात. म्हणून त्या लहान कुप्यांत भरून द्रव नत्राच्या कॅनमध्ये गोठवतात. तिथं तापमान इतकं कमी असतं की पेशीचं वय वाढत नाही. अट एकच, कॅनमधलं नत्र संपता कामा नये. ते सतत उडत असतं आणि वेळेवर भरावं लागतं.

आमच्या शहरात द्रव नत्राचा सर्वांत खात्रीचा स्रोत पशुवैद्यकीय खातं आहे. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी वळूंचं वीर्य बारीक नळ्यांत गोठवलेलं असतं. शेतकरी त्या नळीला कांडी म्हणतात. कांड्यांसाठी टँकर यायचा, त्यातलं थोडं नत्र आम्हाला मिळायचं. ही व्यवस्था डॉ. काळे यांच्यामुळं चालली. ते कृत्रिम रेतन केंद्राचे प्रमुख होते. त्यांची जीप कॅन घेऊन आमच्या विभागाच्या दारात उभी राहायची. एकदा तिच्या मागोमाग जवळच्या वस्तीतला एक शेतकरी गाय घेऊन आला.

"मॅडम, गाय माजावर आलीया. कांडी भरायची व्हती."

मी म्हणाले, हे कॉलेज आहे, इथं ते होत नाही.

"मग जीप कशाला थांबली इथं?"

"आमच्या माशांसाठी."

त्यानं जीपमध्ये डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "माशाला बी भरत्यात?" काळे डॉक्टर जीपमधून उतरले आणि त्यांनी तिथंच, आमच्या सायकल स्टँडवर, गाईला कांडी भरून दिली. विभागप्रमुखांनी त्याबद्दल मला तोंडी समज दिली.

माझी शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी मनीषा. गंगापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातली, लग्न होऊन बजाजनगरला आलेली. नवरा वाळूजच्या कारखान्यात पाळीत काम करायचा. सासरेही तिथूनच निवृत्त झालेले. तेच तिला स्कूटरवर विभागात सोडायचे आणि संध्याकाळी न्यायला यायचे. तिचं काम लांबलं की बाकावर बसून पेपर वाचायचे. एकदा मला म्हणाले, "मॅडम, आमची सूनबाई डॉक्टर व्हनार, खरंय. पण माझं गुडघं दुखत्यात तर म्हनती, बाबा, मला फक्त माशाचं कळतं."

मनीषानं मरळीच्या पेशींना दूषित नाल्याचं पाणी अगदी कमी प्रमाणात दिलं. बहुतेक मेल्या. ज्या थोड्या उरल्या त्या वाढवल्या आणि त्यांना थोडं जास्त दिलं. असं तिनं काही वर्षं केलं. शेवटी तिच्या हाती अशा पेशी आल्या की मूळ पेशी ज्या पाण्यात मरत, त्यात या जगत. याचा अर्थ असा निघू शकत होता की घाण पाण्यातला मासा धडधाकट दिसतो म्हणून ते पाणी चांगलं आहे असं म्हणता येत नाही. आमच्या भागात 'मासे जिवंत आहेत ना, मग झालं' हा युक्तिवाद मी अनेक बैठकांत ऐकला आहे. तिच्या प्रबंधाची चार प्रकरणं ठरली होती. पहिली तीन तयारीची होती. मुख्य शोध चौथ्यात होता.

त्यावरचा निबंध आम्ही एका नियतकालिकाला पाठवला. परीक्षकानं एक मागणी केली: मूळ पेशी आणि नव्या पेशी शेजारी शेजारी ठेवून, त्याच दिवशी, तेच पाणी देऊन प्रयोग पुन्हा करा. मागणी योग्य होती. हा प्रयोग तिनं एकदाच केला होता. तो पुन्हा करण्याआधी टाळेबंदी आली. आम्ही सगळ्या पेशी गोठवून ठेवल्या. पुढच्या वर्षी विभाग उघडला, पण पेशी वितळवून प्रयोग लावण्याआधीच दुसऱ्या लाटेत तो पुन्हा बंद झाला. मनीषाची नोंदणीची वाढवून मिळालेली मुदत संपत आली होती.

एप्रिलअखेर काळे डॉक्टरांचा फोन आला.

"मॅडम, टँकर येणार नाय."

"कधीपर्यंत?"

"ते कुणालाच ठाऊक नाय. प्लांटवाले सगळे ऑक्सिजन भरायलेत. आणि खरं सांगू का, आपण कोणत्या तोंडानं मागायचं?"

मी मागितलं नाही. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या दोन घरांतली माणसं गेली होती.

परवानगी काढून विभागात गेले. कॅनमधलं नत्र मोजायची पद्धत साधी आहे. लाकडी पट्टी तळापर्यंत बुडवायची, बाहेर काढून हवेत धरायची. जिथवर नत्र असतं तिथवर पट्टीवर पांढरा बर्फ चढतो. बर्फ तळाशी बोटभर चढला. पेशी बाहेर काढून वाढवत ठेवण्याचा पर्याय नव्हता. रोज आत यायची परवानगी नव्हती, आणि माशाच्या पेशींना गारवा लागतो. एप्रिलमध्ये वीज गेली तर बंद खोलीत त्या टिकल्या नसत्या.

काळे डॉक्टरांकडेही नत्र कमी होतं. त्यांनी दोन कॅनमधलं एकात ओतायचं ठरवलं. म्हणजे अर्धा माल टाकणं भाग होतं. मी माझा कॅन घेऊन त्यांच्या केंद्रावर गेले तेव्हा ते कांड्या निवडत होते. परदेशी जातींच्या कांड्या त्यांनी बाजूला काढल्या होत्या.

"ह्या जाऊ द्या. पुन्हा मिळतील. देवणी आणि लाल कंधारी ठेवायच्या. ह्यातला एक वळू मागच्या साली मेला, ह्याच्या एवढ्याच उरल्यात." मग माझ्या कॅनकडे पाहून म्हणाले, "माझ्या कॅनमधला एक डबा देतो तुम्हाला. एकच. दुसरा मागू नका. मी नाय म्हणीन, मग तुम्हाला राग यायचा."

मीही त्यांच्याच रीतीनं निवडलं. विकत मिळणाऱ्या सगळ्या पेशी टाकल्या. उरल्या मरळीच्या. डब्यात कुप्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर एकाखाली एक बसतात. खालच्या कुप्या नत्रात बुडून राहतात. पातळी उतरली की वरच्या आधी उघड्या पडतात. थोड्या मूळ पेशींच्या कुप्या आणि थोड्या मनीषाच्या, एवढीच जागा होती. खाली कोणत्या ठेवायच्या, एवढा प्रश्न होता. मी मनीषाला फोन केला. तिच्या मागं गलका होता.

"मॅडम, मी सिलिंडरच्या लायनीत हाये. बाबांना श्वास लागायलाय. बोला."

मी दोन वाक्यांत सांगितलं.

"तुमच्या खाली ठेवा. माझ्या त्यांच्यातूनच निघाल्यात."

"आणि तुझा प्रबंध?"

"ते आता नका विचारू मॅडम." मग कुणाला तरी म्हणाली, "व्हय दादा, सरकले." फोन बंद झाला.

मी मनीषाच्या पेशी खाली ठेवल्या आणि मूळ पेशी वर. माझी नोकरी संपत आली होती, तिचं आयुष्य पुढं होतं, असा तो विचार होता. तुलनेसाठी दोन्ही लागतील हे मला माहीत होतं. टँकर लवकर येईल आणि दोन्ही वाचतील, असं मी धरून चालले. काळे डॉक्टर झाकण लावता लावता म्हणाले, "वळू आणि मासा एका गोठ्यात. पहिल्यांदाच बघायलो." दोघंही हसलो नाही.

मनीषाचे सासरे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सरकारी रुग्णालयात वारले. तिचा मला संदेश आला: "बाबा गेले." त्याच सुमारास काळे डॉक्टर स्वतः आजारी पडले. केंद्र काही दिवस बंद राहिलं. ते बरे होऊन परतले तेव्हा कॅनमध्ये तळाला नत्र शिल्लक होतं. वरच्या कुप्या कोरड्या होत्या. किती काळ, ते कळायला मार्ग नव्हता. पुढं टँकर आला.

जूनमध्ये विभाग उघडला. मनीषा नवऱ्याबरोबर आली. तो तिला दारात सोडून पाळीवर गेला. आम्ही आधी मूळ पेशींची एक कुपी कोमट पाण्यात फिरवून वितळवली, द्रवात ओतली आणि बाटली ठेवून दिली. जिवंत पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत तळाला चिकटतात. दुसऱ्या दिवशी सगळ्या गोल होऊन तरंगत होत्या. निळा रंग घालून पाहिला. जिवंत पेशी तो रंग आत येऊ देत नाही, मेलेलीत तो शिरतो. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्याशिवाय काही नव्हतं. उरलेल्या कुप्यांचंही तसंच झालं. मनीषाच्या पेशी मात्र चिकटल्या. थोड्या होत्या, पण चिकटल्या.

ती बराच वेळ डोळा लावून होती. मग म्हणाली, "माझ्या खाली होत्या का मॅडम?"

"हो."

"मी तर उलटं सांगितलं होतं."

तिनं बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या.

नवीन मासा आणून भागत नाही, हे इथं सांगितलं पाहिजे. दुसऱ्या मरळीच्या पेशी म्हणजे दुसऱ्या घरची माणसं. तिच्या पेशी ज्यांच्यापासून निघाल्या त्यांच्याशीच तुलना व्हायला हवी होती.

एक आशा होती. आमच्या व्यवसायात मागेल त्याला पेशी द्यायची पद्धत आहे. त्यात औदार्य असतं आणि स्वार्थही. तुमच्याकडच्या मेल्या तर दुसऱ्याकडं असतात. दुसऱ्या राज्यातल्या मत्स्यसंशोधनाच्या एका प्रयोगशाळेला मी काही वर्षांपूर्वी मूळ पेशी दिल्या होत्या. त्यांच्याकडं त्या होत्या. माशाच्या पेशी गारव्यात दोन दिवस प्रवास करू शकतात. त्यांनी एक बाटली गळ्यापर्यंत द्रवानं भरून, थर्मासच्या खोक्यात ठेवून, रात्रीच्या खासगी बसनं पाठवली. सिडको बस स्टँडजवळ आम्ही दोघी ती घ्यायला गेलो. क्लीनरनं खोकं आपल्या सीटवरून काढून दिलं.

"मॅडम, ड्रायवर बोल्या, इसकू हिलने मत देना. है क्या इसमें?"

मनीषा म्हणाली, "मछली है, भाई."

त्यानं झाकण उचलून बाटली पाहिली. "किधर है मछली? निस्ता शरबत दिख रा." ती त्या महिन्यात पहिल्यांदा हसली.

पेशी छान वाढल्या. मनीषानं परीक्षकानं मागितलेला प्रयोग केला आणि पुन्हा करून पाहिला. नाल्याच्या पाण्यात बसनं आलेल्या पेशी मेल्या, तिच्या जगल्या. दोहोंतला फरक आधीच्यापेक्षा मोठा होता. इतका स्वच्छ आलेख माझ्या नोकरीत मी फार थोड्या वेळा पाहिला. निबंध सुधारून पाठवायचा, चौथं प्रकरण पूर्ण करायचं आणि मुदतीत प्रबंध द्यायचा, एवढंच उरलं होतं. मी तिला तसं सांगितलं.

दोन दिवसांनी ती माझ्या खोलीत आली आणि उभीच राहिली.

"मॅडम, एक बोलू का? ह्या लई वेगानं वाढायल्यात. आपल्या आळशी होत्या."

"द्रव नवीन आहे. त्यामुळं असेल."

"असंल. पण तपासून घेऊ."

"तपासायला दिलं तर निकाल येईपर्यंत थांबावं लागेल. तुझी मुदत?"

"व्हय, जाईल."

"परीक्षकानं हे मागितलेलं नाही, मनीषा."

"त्यानं त्या पाहिल्या नाहीत. मी रोज पाहते."

पेशी कोणत्या माशाच्या आहेत हे त्यांच्या डीएनएवरून ओळखता येतं. आम्ही नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले: बसनं आलेल्या पेशी, मनीषाच्या पेशी आणि आमच्या मेलेल्या मूळ पेशी. मेलेल्या पेशीतही डीएनए शिल्लक असतो. तिनं दरम्यान विद्यापीठाकडं मुदतवाढीचा अर्ज केला. करोनाचं कारण मान्य होऊन थोडी मुदत मिळाली.

निकाल आला. मेलेल्या पेशी मरळीच्या होत्या. मनीषाच्या मरळीच्या होत्या. बसनं आलेल्या रोहूच्या होत्या.

असं घडतं. एकाच ओट्यावर दोन माशांच्या पेशी हाताळताना एक थेंब चुकून दुसऱ्या बाटलीत जातो. ज्या जास्त वेगानं वाढतात त्या उरतात, दुसऱ्या संपतात, बाटलीवरची चिठ्ठी तीच राहते. हे कधी आणि कुणाच्या हातून झालं ते कळलं नाही. मी त्या प्रयोगशाळेला कळवलं. तिथल्या शास्त्रज्ञांचा फोन आला. त्यांनी निकाल पुन्हा वाचून दाखवायला सांगितला. मग म्हणाले की त्या साठ्यावरचं काम ते थांबवत आहेत.

तो स्वच्छ आलेख म्हणजे मरळ आणि रोहू यांच्यातला फरक होता. नियतकालिकाला आम्ही निबंध मागं घेत असल्याचं कळवलं. मूळ पेशी आता कुठंच नाहीत. कुणी मागितल्या तर मी तसं उत्तर देते.

चौथ्या प्रकरणाबद्दल मी मनीषाला एक मार्ग सुचवला. टाळेबंदीच्या आधी तिनं केलेला पहिला प्रयोग खरा होता, खऱ्या पेशींवरचा होता. प्रबंधात तो 'प्राथमिक निरीक्षण' म्हणून देता आला असता. नियमात ते बसत होतं.

"एकदाच झालेला प्रयोग, मॅडम. कुणी म्हणलं पुन्हा करून दाखव, तर काय दाखवू?"

"तू तो केलास. मी पाहिला आहे."

"तुम्ही पाहिला म्हणून खरा, असं लिहू का?"

मी नाही म्हणाले.

मौखिक परीक्षा विभागातच झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं की पहिली तीन प्रकरणं ज्या प्रश्नाकडं जातात त्याचं उत्तर प्रबंधात का नाही. ती म्हणाली, "उत्तरासाठी मूळ पेशी लागतात, सर. त्या जिवंत नाहीत." त्यांनी आणखी काही प्रश्न विचारले. मग तिला बाहेर थांबायला सांगितलं. सासरे पेपर वाचत बसायचे त्या बाकावर ती जाऊन बसली. तिचा नवरा शेजारी उभा होता, तो बसला नाही.

विद्यापीठानं तिचा प्रबंध स्वीकारला. त्यात तीन प्रकरणं आहेत.